एकच कंपनी, एकच पगार, तरी एका स्टोअरमध्ये माणसं टिकतात, दुसऱ्यात टिकत नाहीत. मॅनेजर नेमकं काय वेगळं करतो?

किराणा_सेक्शन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठ्या रिटेल साखळीतल्या स्टोअरबद्दल आहे. हायपरमार्केट, साधारण दीडशे माणसं, सकाळी ८ ते रात्री १०. कंपनीचे नियम एक, पगाराची श्रेणी एक, युनिफॉर्मसुद्धा एकच. तरी एकाच शहरातल्या दोन स्टोअरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एकीकडे पोरं दोन-तीन वर्षं राहतात, दुसरीकडे पहिला पगार हातात पडला की दिसेनाशी होतात. एचआरला विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मॅनेजरवर असतं’. पण मॅनेजरच्या कशावर? ‘माणसांशी नीट वागा’ हे सगळेच सांगतात, त्यातून हाताला काही लागत नाही.

मला हवंय ते असं: रोजच्या कामातल्या कोणत्या गोष्टी खरोखर मॅनेजरच्या हातात असतात, त्यातली कोणती बिघडली की माणूस जातो, आणि ती दुरुस्त कशी करायची. माझ्याकडे किराणा आणि पॅकेज्ड फूडचा सेक्शन येतोय, १२ माणसं. पगार वाढवणं किंवा माणसं वाढवणं माझ्या हातात नाही, हे धरूनच सांगा.

---

रोस्टरशीट

आधी रोस्टर, म्हणजे कोणाची ड्युटी आणि सुट्टी कधी याचा तक्ता. बाकी सगळं त्यानंतर.

दुकानात काम करणाऱ्या माणसाचं घर त्या एका कागदावर चालतं. आईची डॉक्टरची तारीख, पोराच्या शाळेतली पालकसभा, गावाकडची हळद, सगळं ‘माझी सुट्टी कधी’ यावर अडून असतं. रोस्टर शनिवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर पडत असेल आणि सोमवारपासून लागू होत असेल, तर मॅनेजर स्वभावाने कितीही चांगला असला तरी त्या माणसाला नोकरीचा जाचच वाटणार.

तुमच्या १२ जणांचंच गणित मांडू. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे १२ सुट्ट्या वाटायच्या. बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारी सुट्टी बंद असते, त्यामुळे १२ सुट्ट्या पाच दिवसांत कोंबाव्या लागतात. मग कुठल्या दिवशी दोन जण नाहीत, कुठल्या दिवशी तीन. तीनवाल्या दिवशी एकाने जरी दांडी मारली तरी सेक्शन उघडा पडतो. आता दुसरी मांडणी बघा. शनिवारी सुट्टी कोणालाच नाही, बाकी सहाही दिवस रोज दोघांना. शनिवारी १२ हजर, इतर प्रत्येक दिवशी १०. हिशेब चोख बसतो. आणि प्रत्येकाला दर सहा आठवड्यांनी एक रविवार मिळतो, तोही कोणता ते आधीच माहीत. सहा आठवड्यांतून एक रविवार ऐकायला फार नाही वाटत, पण ज्याला वर्षभरात एकही मिळत नाही त्याला विचारा.

रविवारी दोन माणसं कमी, मग गर्दीचं काय? रविवारची गर्दी संध्याकाळी ५ ते ९ या वेळात असते. शनिवारी रात्री क्लोजिंगला जड माल (तेल, साखर, आटा, डाळी) शेल्फवर पूर्ण भरून ठेवायचा आणि रविवारी सकाळी १० च्या आत बाकीचं रिफिल संपवायचं. संध्याकाळी मग फक्त फेसिंग ओढणं (मागचा माल शेल्फच्या पुढच्या कडेला आणणं) आणि गिऱ्हाइकाला उत्तर देणं उरतं. माणसं कमी पडतात ती बहुतेक वेळा संध्याकाळी ६ वाजता पॅलेट (मालाची थप्पी लावलेली फळी) फ्लोअरवर काढल्यामुळे.

दुसरं, क्लोजिंग करून लगेच दुसऱ्या दिवशी ओपनिंग लावू नका. दुकान १० ला बंद, शटर आणि सफाई होऊन माणूस पावणेअकराला बाहेर, बस किंवा लोकल पकडून घरी बाराला. सकाळी पावणेआठला त्याने परत गेटवर यायचं म्हणजे झोप पाच तास. चक्र एकाच दिशेने फिरवा: ओपनिंग, मग मधली, मग क्लोजिंग, मग सुट्टी, आणि सुट्टीनंतर परत ओपनिंग. क्लोजिंग आणि ओपनिंगच्या मध्ये नेहमी सुट्टी येईल अशी मांडणी एकदा बसवली की पुढे आपोआप चालते.

तिसरं, रोस्टर १४ दिवस आधी छापील, स्टाफ एन्ट्रीजवळ. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०१७ मध्ये कायदाच केला. ५०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या रिटेल कंपन्यांना तिथे आता १४ दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही, पण तसं करायला कोणी अडवलेलंही नाही.

चौथं, अदलाबदल. रोस्टरशेजारी एक वही. दोघांनी सही केली, काम सारखंच येत असलं, आणि बदलाने कोणाचीही क्लोजिंग-ओपनिंग पाठोपाठ येत नसली, तर मॅनेजरने ‘हो’च म्हणायचं आणि २४ तासांच्या आत सही करायची. इथे कारण विचारत बसलात की लोक वही सोडून सरळ दांडी मारतात. दांडी कळते सकाळी ८ वाजता, अदलाबदल कळते दोन दिवस आधी. मॅनेजरच्याच सोयीचं आहे हे.

---

कॅश_ऑफिस

रोस्टरबद्दल पूर्ण सहमत. त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट, पैशाची शॉर्टेज. तुमचा सेक्शन किराण्याचा असला तरी महिन्याच्या सुरुवातीला तुमचीच माणसं बिलिंगला ओढली जाणार, म्हणून सांगतो.

दिवसाअखेरीस कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये २००-३०० रुपये कमी आले तर मॅनेजर पुढच्या पाच मिनिटांत काय करतो, त्यावर त्या मुलीचं किंवा मुलाचं कंपनीबद्दलचं मत बनतं. ‘भर आणि जा’ म्हटलं की विषय त्या दिवशी संपतो आणि माणूस महिन्याभरात जातो.

आधी कारण शोधा, बहुतेक वेळा सापडतं. यूपीआयचं बिल घाईत ‘कॅश’ टेंडरमध्ये (पैसे भरण्याच्या प्रकारात) पडलं. गिऱ्हाइकाने शेवटच्या क्षणी वस्तू परत केली पण बिलातली तिची नोंद रद्द (व्हॉइड) झाली नाही. मध्येच कॅश उचलून नेली आणि पावतीवर सही झाली नाही. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जेवायला गेलेल्या कॅशियरच्या लॉगिनवर दुसऱ्याने बसून बिलं केली. एका ड्रॉवरला दोन हात लागले की शॉर्टेज कोणाची हे देवालाही सांगता येत नाही, पण सही मात्र पहिल्याची असते. म्हणून नियम एकच ठेवा. एक लॉगिन, एक ड्रॉवर, एक माणूस. ब्रेकला जाताना ड्रॉवर काढून कुलपात.

मोजणीची पद्धत अशी: सुरुवातीचे सुटे पैसे कॅशियरसमोर मोजून त्याची सही. शेवटी कॅशियरने आधी स्वतः नोटा मोजून चिठ्ठीवर आकडा लिहायचा, मग सिस्टीमचा आकडा उघडायचा. मोजणी कॅमेऱ्याखाली, दोघांच्या समोर. जास्त आलेली रक्कमही त्याच वहीत लिहायची. जास्त आली की गल्ल्यात, कमी आली की पगारातून, हा प्रकार एकदा माणसांच्या लक्षात आला की मॅनेजरच्या शब्दाला किंमत राहत नाही.

आणि कायद्याचं: निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान पगारातून कापायचं असलं तरी आधी त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासून हे तत्त्व आहे. संपूर्ण सेक्शनची श्रिंकेज (मालातली तूट) सगळ्यांत वाटून कापणं तर अजिबातच बसत नाही, कारण कोणाच्या हातून काय गेलं हेच सिद्ध नसतं.

---

पहिले_तीस_दिवस

‘पहिला पगार हातात पडला की दिसेनाशी होतात’ हे तुमचं वाक्य वाचून लिहितेय. पहिल्या पगाराला माणूस जातो, त्याचं कारण बऱ्याचदा त्या पगारातच असतं.

असं होतं: मुलगा ३ तारखेला रुजू झाला. बायोमेट्रिकमध्ये नाव चढायला ९ तारीख उजाडली. मधल्या सहा दिवसांची हजेरी कोणीतरी हाताने भरायची असते, ती राहते. पगारात सहा दिवस ‘गैरहजर’. त्यात मुलाखतीत सांगितलेला आकडा सीटीसीचा (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा), हातात येणारा वेगळा. पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ०.७५ टक्के त्याच्या वाट्याचे कापले गेलेत हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्या डोळ्यांना दिसतं एवढंच, की पैसे कमी आले. तो भांडायला येत नाही. तो येतच नाही.

मॅनेजरचं काम इथे पंधरा मिनिटांचं आहे. पहिल्याच दिवशी एका कागदावर ठरलेला पगार, त्यातून कापली जाणारी प्रत्येक रक्कम आणि हातात येणारा आकडा, हे त्याच्यासमोर बसून लिहून द्यायचं. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. त्यात त्याच्या आईवडिलांच्या आणि बायकोमुलांच्या दवाखान्याची सोय होऊ शकते, कार्ड कसं काढायचं, जवळचा दवाखाना कोणता, हे सांगायचं. हे कळलं की कपात ‘कापलेले पैसे’ राहत नाही. बायोमेट्रिक होईपर्यंत हजेरीच्या कागदावर रोज तुमची सही, आणि २५ तारखेच्या आत एचआरला पाठवून पोच घ्यायची.

पहिल्या आठवड्यातली बाकीची यादी छोटी आहे, पण चुकते. लॉकर आणि त्याची किल्ली. मापाचा शर्ट (दोन द्या, एकाच शर्टवर सहा दिवस क्लोजिंग कोणी काढू नये). बूट कंपनी देणार की स्वतःचे आणायचे, हे आधीच स्पष्ट सांगा. जेवायची जागा दाखवा आणि पहिल्या दिवशी कोणीतरी त्याच्यासोबत जेवायला बसेल असं बघा. सोबती म्हणून जुना माणूस द्या, पण त्या जुन्या माणसाच्या वाट्याचे शेल्फ त्या आठवड्यात कमी करा. नाहीतर तो नव्याला फक्त ‘हे उचल, ते ठेव’ एवढंच शिकवतो.

शिकवायचा क्रमही ठरवा. पहिले तीन दिवस फक्त शेल्फ: कुठला माल कुठल्या बेवर (शेल्फच्या खणावर), शेल्फच्या पट्टीवरची किंमत आणि पाकिटावरची एमआरपी कशी जुळवायची, आधी संपणाऱ्या तारखेचा माल पुढे कसा ठेवायचा. गिऱ्हाइकाची तक्रार घ्यायला पहिल्या आठवड्यात एकट्याला उभं करू नका. दुसऱ्या आठवड्यात एक बे पूर्ण त्याच्या नावावर. ७ व्या, १५ व्या आणि ३० व्या दिवशी दहा मिनिटं बाजूला घेऊन दोनच प्रश्न: काम करताना कुठे अडतंय, आणि इथे येताना जे सांगितलं होतं त्यातलं काय मिळालं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तिथूनच बोलणं सुरू करा.

---

मजूर_तास

थोडा वेगळा सूर लावतो. गॅलप या सर्वेक्षण कंपनीने २०१५ मध्ये मांडलेला आकडा प्रसिद्ध आहे: टीम-टीममधल्या एंगेजमेंटच्या (कामात मन असण्याच्या) फरकातला किमान ७० टक्के भाग मॅनेजरशी निगडित असतो. एचआरच्या प्रत्येक सादरीकरणात तो येतो, आणि जवळजवळ नेहमी चुकीचा वाचला जातो. तो आकडा टीम-टीममधल्या फरकाबद्दल आहे. सगळ्याच स्टोअरमध्ये माणसं अपुरी असतील तर त्या त्रासाचं खापर ७० टक्के मॅनेजरवर फोडता येत नाही.

गॅप या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीच्या दुकानांत झालेला प्रयोग इथे उपयोगी आहे. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातली २८ दुकानं, काळ २०१५-१६, संशोधक जोन विल्यम्स, सुसान लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन. काही दुकानांत शिफ्टच्या वेळा स्थिर केल्या, ठरावीक माणसांना ठरावीक तास दिले, अदलाबदल सोपी केली, गर्दीच्या नेमक्या वेळी माणसं वाढवली. बाकीची दुकानं तुलनेसाठी तशीच ठेवली. बदल केलेल्या दुकानांची विक्री ७ टक्क्यांनी वाढली. पण मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. वेळापत्रक जे सतत हलायचं, त्याला गिऱ्हाइकांची ये-जा हे मुख्य कारण नव्हतं. मोठा वाटा मुख्य कार्यालयाचा होता: ऐनवेळी बदललेल्या योजना, मालाच्या गाडीबद्दलची चुकीची माहिती, वरिष्ठांच्या भेटी.

आपल्याकडे हे तंतोतंत लागू आहे. एरिया मॅनेजरची व्हिजिट ठरली की आदल्या रात्री निम्मं स्टोअर थांबवलं जातं. गोंडोला (मधले शेल्फचे रॅक) पुसा, पट्ट्या बदला, एंडकॅप (रांगेच्या टोकाचं शेल्फ) नव्याने रचा. त्या जादा तासांचं कोणाच्याच रोस्टरमध्ये नाव नसतं. चांगला स्टोअर मॅनेजर इथे ओळखता येतो. व्हिजिटचं काम तो रोजच्या कामात वाटून टाकतो (रोज दोन बे, पंधरा दिवसांत सगळा सेक्शन), आणि थांबवावंच लागलं तर त्याच दिवशी ओव्हरटाइम लिहितो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. ‘ॲडजस्ट करून घे’ हा दर त्या कायद्यात नाही.

कॉम्प ऑफचंही तेच. आठवड्याची सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यायची आहे. प्रत्यक्षात वहीत कोणाच्या नऊ साठतात, कोणाच्या अकरा, आणि माणूस सोडून गेला की त्या बुडतात. महिनाअखेरीला ज्याच्या नावावर दोनपेक्षा जास्त कॉम्प ऑफ आहेत त्याचं नाव पुढच्या रोस्टरमध्ये आधी घ्या.

वरचा मॅनेजर कशावर मोजला जातो हेही बघा. वॉलमार्टने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टोअर मॅनेजरचा सरासरी मूळ पगार १,१७,००० वरून १,२८,००० डॉलरवर नेला, आणि बोनस मूळ पगाराच्या २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल असं ठरवलं, तोही विक्री आणि नफ्याला जोडून. जिथे मॅनेजरचं मोजमाप फक्त विक्री, नफा आणि श्रिंकेजवर होतं, तिथे माणसांचे तास हाच पहिला कापायचा खर्च ठरतो. त्यामुळे तुमच्या सेक्शनला दिवसाला किती मजूर-तास (सगळ्यांचे मिळून कामाचे तास) मंजूर आहेत तो आकडा आधी मागून घ्या. तो हातात नसेल तर तुम्ही रोस्टर बनवत नाही, नुसता भरता.

---

उभे_आठ_तास

ब्रेक आणि बसणं यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

अर्ध्या तासाचा ब्रेक कागदावर अर्धा तास असतो. स्टाफ रूम तिसऱ्या मजल्यावर किंवा बेसमेंटला, लिफ्ट मालाची, बाहेर पडताना झडती, लॉकर, डबा गरम करायला एकच मायक्रोवेव्ह आणि त्यापुढे सहा जण. जेवायला हातात उरतात बारा मिनिटं. एकदा घड्याळ लावून तुमच्या स्टोअरमध्ये हा रस्ता स्वतः चालून बघा, जेवणाच्या गर्दीच्या वेळी. मग दोन गोष्टी करता येतात. एक, ब्रेक २० मिनिटांच्या अंतराने पाडा आणि फळ्यावर नावं लिहा, म्हणजे मायक्रोवेव्हपुढे रांग लागत नाही. दोन, ब्रेक फ्लोअर सोडल्यापासून न मोजता स्टाफ रूममध्ये पोचल्यापासून मोजा. सेक्शनला पाच मिनिटांचा फरक पडतो, माणसाला पोटभर जेवता येतं.

संध्याकाळच्या झडतीचं बघा. पंच आऊट करून मग झडतीच्या रांगेत उभं राहायला लावतात. पंच मशीन झडतीच्या पलीकडे लावलं तर प्रश्न मिटतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ॲपलच्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात बॅग तपासणीत जाणारा वेळ हा पगारी कामाचाच वेळ आहे असं ठरवलं. बायकांची झडती बाईच घेईल, आणि ती गार्ड सुट्टीवर असेल त्या दिवशी कोण घेणार, हेही रोस्टरमध्ये लिहिलेलं असायला हवं.

बसण्याचं: केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये केली. जर्मनीच्या आल्डी साखळीत कॅशियर बसूनच बिलं करतात आणि त्यांच्या वेगाबद्दल कोणाची तक्रार नाही. आपल्याकडे अडचण अशी की बिलिंग काउंटर उभ्या माणसाच्या उंचीचे, त्यामुळे साधी खुर्ची दिली तर हात खांद्याच्या वर जातात आणि लोक स्वतःच ती बाजूला सारतात. काउंटरची उंची मोजा. ९० सेंटिमीटर असेल तर ६५ च्या आसपास बैठक असलेलं, पाय टेकायला आडवी पट्टी असलेलं उंच स्टूल लागतं. शेल्फवाल्यांसाठी चाकांचं बुटकं स्टूल, खालच्या दोन फळ्या भरताना वाकावं लागत नाही.

रात्रीचं: महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात बायकांचे कामाचे तास सकाळी ७ ते रात्री साडेनऊ धरले आहेत. त्यापुढे थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची. १० ला बंद होणाऱ्या दुकानात क्लोजिंगला बाई लावली म्हणजे ही अट आलीच. ‘तुमच्या रस्त्याने कोणी जाणारा बघा’ म्हणजे सोय झाली नाही.

आणि लैंगिक त्रासाची तक्रार आली तर मॅनेजरने मिटवामिटवी करू नये. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असतेच. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, तुमच्या ‘समजावण्यात’ ती मुदत निघून जाते. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन बायकांच्या लॉकर रूमच्या आत लावा. बाहेरच्या फळ्यावर, सगळ्यांसमोर उभं राहून तो नंबर कोणी उतरवून घेत नाही.

---

ऑफरोल

छोटी भर. तुमच्या १२ मध्ये ठेकेदाराची माणसं आणि ब्रँडचे प्रमोटर धरलेत का? चहाचा, बिस्किटांचा, डिटर्जंटचा प्रमोटर तुमच्या फ्लोअरवर रोज उभा असतो, पण त्याचा रिफिल फक्त त्याच्या ब्रँडचा. त्याला तुमच्या पॅलेट उचलायला लावलं की त्याची कंपनी तक्रार करते, आणि नाही लावलं की तुमची माणसं कुरकुरतात. पहिल्याच दिवशी त्याचं काम कोणतं आणि तुमच्या माणसांचं कोणतं हे सगळ्यांसमोर सांगा. पाणी, स्टाफ रूम, लॉकर, ब्रीफिंग यात मात्र फरक करू नका. दिवाळीला ऑन-रोलला (कंपनीच्या स्वतःच्या माणसाला) मिठाईचा डबा आणि शेजारी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या माणसाला काहीच नाही, हे वर्षभर लक्षात राहतं.

---

किराणा_सेक्शन

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः रोस्टरच्या गणितासाठी. मजूर-तास मागितलेत. १२ जणांचा कच्चा आराखडा असा केलाय: शनिवारी सगळे, बाकी दिवशी १०, त्यात ओपनिंग ४, मधली शिफ्ट २, क्लोजिंग ४. १ ते १० तारखेला महिन्याच्या बाजाराची गर्दी असते म्हणून त्या दहा दिवसांत रजा पूर्ण बंद, साप्ताहिक सुट्टी चालू. सूचना द्यायला व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. काही खटकतंय का?

---

रोस्टरशीट

दोन-तीन गोष्टी खटकल्या.

१ ते १० रजा पूर्ण बंद केलीत तर आजारपणाच्या नावाखाली तीच रजा निघेल, फक्त न सांगता. त्यापेक्षा ‘त्या दहा दिवसांत एका वेळी एकच जण, आणि १५ दिवस आधी लिहिलं तरच’ असं ठेवा. १० मधून ९ वर सेक्शन चालतो, ८ वर कोलमडतो.

सणांचं आत्ताच करा. गणपतीला कोकणातली पोरं जाणारच, छठला बिहारची, ईदला आणखी कोणी. ऐन गर्दीत सगळे एकदम अर्ज देतात आणि मग ज्याचं मॅनेजरशी जमतं त्याला रजा मिळते, असं बाकीच्यांना वाटतं. जूनमध्येच प्रत्येकाकडून वर्षातला एकच सण लिहून घ्या, जो त्याला घरी हवाच आहे. एका सणाला दोनपेक्षा जास्त नावं आली तर गेल्या वर्षी ज्याला मिळाला नव्हता तो आधी, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उचला. तो तक्ता रोस्टरशेजारीच लावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या पगारी सुट्ट्या कायद्यातच आहेत. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या तारखेला तुमचा सेल असणार, म्हणून त्या दिवशी कोण येणार आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे तक्त्यातच लिहून टाका.

ग्रुपबद्दल. रात्री ११ ला रिकाम्या शेल्फचा फोटो, खाली माणसाचं नाव आणि प्रश्नचिन्ह, हे एकदा जरी टाकलंत तरी वरची सगळी मेहनत पाण्यात. ग्रुपवर फक्त तीन गोष्टी: रोस्टरचा फोटो, उद्याच्या ऑफर, आणि गाडीची वेळ बदलली तर तेवढं. शिफ्ट संपलेल्या माणसाला मेसेज नाही. शेल्फ रिकामं दिसलं तर दुसऱ्या दिवशी त्याला बेपाशी नेऊन विचारा. निम्म्या वेळा कळेल की माल आत आलेलाच नव्हता, सिस्टीममध्ये २४ दाखवत होता आणि मागे गोडाऊनमध्ये एकही पेटी नव्हती. असं निघालं तर त्याच्यासमोरच स्टॉक दुरुस्तीची नोंद करा.

ब्रीफिंग ओपनिंगवाल्यांचं होतं, क्लोजिंगवाल्यांचं राहतं. दुपारी क्लोजिंगची शिफ्ट आल्यावर तुम्ही स्वतः आठ मिनिटं उभे राहा: आज कुठल्या मालाची ऑफर संपली, काय आऊट ऑफ स्टॉक आहे, सकाळच्या शिफ्टने कुठलं बे अर्धवट सोडलंय, कोण कुठल्या बेवर.

आणि एक वही स्वतःसाठी ठेवा, चार रकाने. रोस्टर लागल्यानंतर तुम्ही केलेले बदल किती, बुडालेले ब्रेक किती, साठलेले कॉम्प ऑफ किती, आणि न सांगता गैरहजर किती. पहिले तीन आकडे वाढले की पुढच्या काही आठवड्यांत चौथा वाढलेला दिसेल. तेव्हा आधी वही उघडा, मग माणसाला बोलवा. पहिलं रोस्टर लावलंत की १४ दिवसांनी ते चार आकडे इथे टाका, त्यावरून पुढचं बसवू.